नागपूरच्या एका शासकीय कार्यालयातील कर्मचारी-आरोग्य इंटर्नशिप: आठ आठवड्यांनंतरचा अभिप्राय

पदव्युत्तर समाजकार्याचे पहिले वर्ष संपल्यावर मे आणि जून या दोन महिन्यांत मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील एका शासकीय यंत्रणेच्या विभागीय कार्यालयात कर्मचारी आरोग्य व कल्याण या विषयावर आठ आठवड्यांची इंटर्नशिप केली. समाजकार्य, मानसशास्त्र, गृहविज्ञान, परिचर्या किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अशा जागा अधूनमधून मिळतात. पण त्या घ्याव्यात की नाही हे नेमकेपणाने सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण ज्यांनी विश्वासाने मला आपला रक्तदाब, आपले व्यसन आणि घरची काळजी सांगितली, त्यांची ओळख त्या नावावरून उघड होऊ शकते. माझे मत आधीच सांगते. ही इंटर्नशिप अवश्य करावी, मात्र कार्यालयाने पाठवलेला कार्यक्रम हाच आपला अभ्यासक्रम आहे असे समजून करू नये. त्या कार्यक्रमात व्याख्याने, भित्तिपत्रके आणि योग दिन होता. मी जे शिकले ते पिण्याच्या पाण्याची टाकी, हजेरीचे यंत्र, स्वच्छतागृहाची कडी आणि टिपणीचा मसुदा यांच्यापाशी शिकले.

जागा मिळण्याची प्रक्रिया साधी असली तरी वेळ खाणारी होती. महाविद्यालयाच्या क्षेत्रकार्य विभागाने मार्चमध्ये पत्र दिले, ते आवक शाखेत नोंदवले गेले, तेथून आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक बाबी पाहणाऱ्या शाखेत गेले आणि मान्यता यायला पाच आठवडे लागले. रुजू झाल्यावर पहिले चार दिवस मला बसायला निश्चित जागा नव्हती आणि माझे काम कोण पाहणार हेही ठरलेले नव्हते. पाचव्या दिवशी मला कार्यालय अधीक्षक मॅडमकडे सोपवण्यात आले. त्यांच्याकडे आस्थापनेचा संपूर्ण भार होता आणि माझ्यासाठी त्यांना दिवसातून दहा मिनिटेही सलग मिळत नसत. तरीही या इंटर्नशिपमध्ये मला जे काही मिळाले त्याचा मोठा वाटा त्यांचाच आहे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “पोस्टर नंतर लावू. आधी आठवडाभर कार्यालय पाहून घे. कोण कुठे बसतं, किती वेळा उठतं आणि का उठतं, ते लिहून आण.” ही एक सूचना वर्षभराच्या तासांपेक्षा मला अधिक उपयोगी पडली.

पाहायला लागल्यावर दिसले ते असे. दुसऱ्या मजल्यावरचा पाण्याचा कूलर बंद होता, त्यामुळे त्या मजल्यावरचे कर्मचारी तळमजल्यावर येऊन बाटल्या भरत. आणि ज्यांना गुडघेदुखी होती ते दुपारनंतर पाणी पिण्याचेच टाळत. महिलांच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला आतून कडी नव्हती, म्हणून तेथे दोघींनी मिळून जायचे आणि एकीने बाहेर उभे राहायचे, असा रिवाज पडला होता. भिंतीला लावलेल्या कूलरच्या वाऱ्याखाली बसणाऱ्यांना सर्दी होई आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्यांच्या अंगावरून घाम निथळत असे. संगणकाचे पडदे बऱ्याच टेबलांवर नजरेच्या खाली होते, आणि मान वाकवून दिवसभर नोंदी करणाऱ्यांनी जाड जुन्या रजिस्टरांचा ढीग करून त्यावर पडदा ठेवण्याचा उपाय स्वतःच शोधला होता. तो उपाय योग्यच होता; मी फक्त पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल इतकी उंची मोजून दिली आणि ज्यांच्याकडे ढीग नव्हता त्यांच्यासाठी रद्दीतल्या नस्त्यांचे, म्हणजे फायलींचे, गठ्ठे बांधून घेतले. खर्च शून्य झाला.

हिरकणी कक्षाची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या गवळणीचे नाव महाराष्ट्रात स्तनदा मातांसाठीच्या खोल्यांना दिले आहे आणि अशी खोली या कार्यालयातही होती. दारावर पाटी होती, आत मात्र छतापर्यंत जुन्या नस्त्या, एक मोडका पंखा आणि निवडणुकीच्या कामाचे रिकामे खोके होते. प्रसूती रजा संपवून नुकत्याच रुजू झालेल्या एक लिपिक ताई दुपारी अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, दूध काढत असत. त्यांनी ही अडचण कुणालाही सांगितली नव्हती. “मागणारी मी एकटीच. एकटीसाठी एवढं सामान कोण हलवणार?” एवढेच त्या मला म्हणाल्या. कल्याणाच्या सोयी असतात, त्यांची नोंदही असते. मात्र त्या वापरायच्या अवस्थेत आहेत का, हे विचारणे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. ती खोली रिकामी व्हायला सहा आठवडे लागले, कारण जुन्या नस्त्या नष्ट करायच्या तर त्यांची वर्गवारी तपासावी लागते आणि तशी परवानगी लागते. मला सुरुवातीला हा निव्वळ उशीर वाटला होता; नंतर समजले की कागद फेकण्याचा अधिकार कोणालाही सहज असू नये हेही बरोबरच आहे. अखेर नस्त्या दुसऱ्या खोलीत हलवून मार्ग निघाला.

आता या आठ आठवड्यांतील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येते. कार्यालयातील सुमारे एक तृतीयांश कर्मचारी क्षेत्रीय होते, म्हणजे दिवसातील मोठा वेळ गावोगावी पाहणी आणि पंचनामे करण्यात घालवणारे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचा उल्लेखही नव्हता, कारण व्याख्यानांच्या वेळी ते कार्यालयात नसत. नागपुरात मे महिन्यात पारा ४४ ते ४५ अंशांवर जाणे नवे नाही. मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर पोहोचले की हवामान विभागाच्या निकषानुसार ती उष्णतेची लाट ठरते, मग सरासरीपेक्षा ते किती जास्त आहे हे पाहावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील ७० टक्क्यांहून अधिक कामगारांना, म्हणजे सुमारे २४० कोटी माणसांना, कामाच्या ठिकाणी अति उष्णतेला तोंड द्यावे लागते असे म्हटले आहे. हा आकडा मी वर्गात लिहून घेतला होता. त्याचा अर्थ उमरेड तालुक्यातील एका पाहणीच्या दिवशी कळला.

त्या दिवशी आम्ही पाच जण होतो: दोन पुरुष कर्मचारी, दोन महिला कर्मचारी आणि मी, शिवाय गाडीचे चालक. निघालो तेव्हा साडेदहा वाजले होते. पहिल्या गावात पोहोचलो तेव्हा बारा, आणि काम संपले तेव्हा अडीच. म्हणजे ज्या तीन तासांत उन्हात जाऊ नये असे शासनाचीच सूचनापत्रके सांगतात, नेमक्या त्याच वेळी शासनाचे कर्मचारी उघड्या रानात उभे होते. मी विचारले की सकाळी सातला का निघत नाही. उत्तर मिळाले की बोटाचा ठसा घेणारे हजेरीचे यंत्र कार्यालयात आहे, कार्यालय पावणेदहाला सुरू होते, आणि ठसा दिल्याशिवाय निघाले तर त्या दिवसाची हजेरी लागत नाही. महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि कार्यालयाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी झाली. टेबलावर काम करणाऱ्यांना ती सोयीची आहे. उन्हात काम करणाऱ्यांसाठी तीच वेळ उन्हाळ्याचे दोन महिने त्रासाची ठरते. इथे कोणाचा दुष्टपणा नव्हता. दोन नियम एकमेकांना भेटले नव्हते, आणि त्याची किंमत पाच माणसांचे शरीर चुकते करत होते.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. गाडीत क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पाकिटे होती, हे चांगलेच होते. परंतु एका सहकाऱ्याने एक लिटर पाण्यासाठी असलेले संपूर्ण पाकीट एका ग्लासभर पाण्यात ढवळले, तोंड वाकडे करत अर्धा ग्लास प्यायला आणि उरलेले फेकून दिले. एक लिटरच्या प्रमाणित पाकिटात २०.५ ग्रॅम मिश्रण असते: १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. हे प्रमाण पूर्ण लिटरभर पाण्यासाठी ठरवलेले असते. ग्लासभर पाण्यात ते इतके दाट होते की तहान भागण्याऐवजी शरीरावरच ताण येतो. पाकिटावर हे छापलेले असते, पण अक्षरे बारीक असतात आणि बाजारात २०० मिलीलिटरची लहान पाकिटेही मिळतात, त्यामुळे गोंधळ सहज होतो. पुढच्या आठवड्यात मी गाडीतल्या प्रत्येक लिटरच्या बाटलीवर तेलकट खडूने ‘एक पाकीट – पूर्ण बाटली’ असे लिहून ठेवले. माझ्या आठ आठवड्यांतील सर्वांत उपयोगी भित्तिपत्रक कदाचित तेच असावे. कैरीचे पन्हे किंवा ताक घरून आणणारेही होते, आणि खिशात कांदा ठेवणारे ज्येष्ठ चालक काकाही होते. कांद्याच्या गुणाविषयी वाद घालण्याचे मला कारण दिसले नाही, कारण उन्हाचा धोका ओळखून तयारीने निघणाऱ्यांपैकी तेही एक होते.

दुसरी गोष्ट महिला कर्मचाऱ्यांची. सकाळपासून मी दोन बाटल्या पाणी प्यायले होते. त्या दोघींनी दुपारी अडीचपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तहान नव्हती म्हणून नव्हे. पाणी प्यायले तर जायचे कुठे, हा प्रश्न होता. शाळांना सुट्ट्या असल्यामुळे तेथील स्वच्छतागृहांना कुलूप, ग्रामपंचायतीचे कार्यालय बंद, आणि रानात आडोसा नाही. त्यांपैकी एकीला दर उन्हाळ्यात मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्रास होत असे आणि त्यासाठी ती रजा घेत असे. रजेच्या अर्जावर मात्र कारण ‘ताप’ असे असायचे. आरोग्यविषयक रजांचा तक्ता पाहून आजारांचा अंदाज घ्यावा, असे आम्हाला शिकवले जाते. त्या तक्त्यात हा आजार कधीच दिसला नसता. ‘भरपूर पाणी प्या’ हा संदेश त्या दोघींपुढे उच्चारण्याचीही मला त्या दिवशी लाज वाटली.

यावर मी जो उपाय सुचवला तो दोन पानी टिपणीच्या रूपात. मॅडमनी ती चार वेळा परत लिहायला लावली. पहिल्या मसुद्यात मी उष्णतेचे दुष्परिणाम अडीच पानांत लिहिले होते, त्यांनी ते सगळे काढून तीन ओळी ठेवल्या आणि विचारले, “साहेबांनी सही नेमकी कशावर करायची?” शेवटच्या मसुद्यात तीनच मागण्या राहिल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत क्षेत्रीय पाहणी सकाळी सात ते अकरा या वेळेत करावी आणि त्या दिवशीची हजेरी शाखाप्रमुखांच्या लेखी नोंदीवरून ग्राह्य धरावी; प्रत्येक गाडीत माणशी तीन लिटर पाणी असावे; आणि दौऱ्याचा मार्ग ठरवताना वाटेतील प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पेट्रोल पंप येथे एक थांबा लिहूनच द्यावा. ही टिपणी पाच टेबलांवरून फिरून नऊ दिवसांत मान्य झाली, आणि नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस, सुरू झाल्यावर, २५ मेनंतरच्या पहिल्या सोमवारपासून, गाड्या सातला निघू लागल्या. एकाच हंगामापुरती ती परवानगी होती. तरीही साडेअकराला परतलेल्या त्या दोघींना कार्यालयाच्या पडवीत माठातले पाणी पिताना मी पाहिले, आणि आपण निवडलेल्या शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न त्यानंतर मला पडला नाही.

तंबाखूचा विषय विदर्भात टाळता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात, आणि त्यातही धूम्रपानापेक्षा तोंडात धरण्याच्या तंबाखूचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. नागपुरात याचे रूप म्हणजे खर्रा: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहातावर किंवा लाकडी फळीवर घोटलेला. कार्यालयाच्या फाटकाबाहेर तो मिळत असे आणि दुपारी चारनंतर जिन्याच्या कोपऱ्यांचा रंग त्याची साक्ष देत असे. माझ्याकडे महाविद्यालयाने दिलेली कर्करोगाची छायाचित्रे होती. ती लावली, लोकांनी पाहिली, काहीही बदलले नाही. मग एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थिनीकडून शिकलेली साधी तपासणी मी करू लागले: स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी एकावर एक ठेवून ती तोंडात जातात का पाहायचे. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू मिसळली नाही तरीही, हे अनेकांना ठाऊक नसते. चाळिशीतल्या एका चालक भाऊंनी हसत हसत बोटे तोंडाशी नेली आणि दोनवरच थांबले. त्यांचे हसणे थांबले. “तिखट खाववत नाही वर्षभरापासून,” ते हळूच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून शासकीय दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेले.

सोडू इच्छिणाऱ्यांना राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ मी लिहून दिला. पण खर्रा सोडण्यातली खरी अडचण वेगळी होती. खर्रा घोटायला फाटकाबाहेर जाणे हीच त्या कर्मचाऱ्यांची एकमेव विश्रांती होती. साहेबांच्या गाडीजवळ तासन्‌तास थांबून राहणाऱ्या चालकांना बसायला सावलीत जागा नव्हती, करायला काही नव्हते आणि जाता येत नव्हते. वाहनतळाच्या कडेच्या कडुलिंबाखाली दोन बाके आणि एक माठ ठेवण्याची मागणी मी केली. माठ आला, बाके आली नाहीत. किती जणांनी खर्रा सोडला असे मला कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर असे, की आठ आठवड्यांत ते सांगता येत नाही आणि जो विद्यार्थी आपल्या अहवालात तसा आकडा देतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आरोग्य तपासणी शिबिर हा कार्यक्रमपत्रिकेतील मोठा भाग होता आणि माझी सर्वांत मोठी तक्रारही त्याच्याशी निगडित आहे. शासकीय रुग्णालयातून आलेल्या सिस्टरनी आधी मला रक्तदाब मोजण्याची रीत शिकवली. पहिल्या दिवशी लोक जिना चढून येत, चहा घेऊन येत, आणि आल्या आल्या हात पुढे करत. आकडे इतके चढे आले की सिस्टरनी तपासणी थांबवली. मग आम्ही पाठ टेकता येईल अशा पाच खुर्च्या ओळीने लावल्या. प्रत्येकाने पाच मिनिटे पाय जमिनीला टेकवून, न बोलता बसायचे, त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर, आणि दोन वेळा मोजणी. आकडे पुष्कळ जणांचे खाली आले. ज्यांचे दोन्ही वेळा १४०/९० च्या वर राहिले त्यांना मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या शासकीय रुग्णालयांत पुढील तपासणीसाठी पाठवले. गंमत म्हणून सांगत नाही, पण ती पाच मिनिटे गप्प बसण्याची जागा लोकांना इतकी आवडली की मोजणी संपल्यावरही काही जण बसून राहत.

शिबिर संपल्यावर वरिष्ठांच्या कक्षातून निरोप आला की रक्तदाब आणि साखर वाढलेल्या कर्मचाऱ्यांची नावानिशी यादी सादर करावी. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. कदाचित अशांना निवडणुकीचे किंवा दूरचे काम देऊ नये असा विचार असेल. परंतु तपासणीपूर्वी मी प्रत्येकाला सांगितले होते की तुमचा आकडा फक्त तुम्हाला मिळेल. शिवाय अशी यादी एकदा नस्तीत लागली की पुढे बदली, पदोन्नती किंवा जबाबदारी देताना ती कोण कशी वाचील हे कोणाच्याही हाती राहत नाही. २०२३ साली देशात वैयक्तिक विदा, म्हणजे डेटा, संरक्षणाचा कायदा झाला आहे. मला मात्र त्या क्षणी कायद्यापेक्षा माझा दिलेला शब्द अधिक जाणवला. मी नकार दिला तेव्हा माझे पत्र रद्द करण्याची भाषा झाली. दोन दिवस मी अत्यंत अस्वस्थ होते. महाविद्यालयातील पर्यवेक्षक सरांनी लेखी कळवले की विद्यार्थिनी केवळ एकत्रित आकडे देईल आणि नावे देणार नाही, आणि मॅडमनी ते पत्र स्वतः वर नेऊन दिले. विषय तेथे संपला. तरीही मला स्पष्ट लिहायचे आहे की असा प्रसंग विद्यार्थ्यावर एकट्याने पेलण्याची वेळ येऊ नये. आरोग्यविषयक माहितीचे काय करायचे, ती कोण पाहणार आणि केव्हा नष्ट करणार, हे इंटर्नशिप सुरू होण्यापूर्वी एका कागदावर ठरलेले असलेच पाहिजे.

उरलेल्या उपक्रमांविषयी थोडक्यात. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कार्यालयांसाठी आणलेला पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’, म्हणजे कामाच्या जागीच करायचा छोटा योगाभ्यास, आम्ही रोज साडेअकराला घेतला. मान, खांदे आणि श्वास यांचे साधे प्रकार असल्यामुळे तो जमतो. फक्त नागरिकांची रांग असलेल्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना तो एकाच वेळी घेता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दोन पाळ्या कराव्या लागल्या. उपाहारगृहात तळणीचे तेल बदलण्याविषयी बोलणी झाली, पण ठेकेदाराचा करार आमच्या हाती नव्हता. ताणतणावाच्या व्याख्यानाला गर्दी झाली. प्रश्न मात्र एकही आला नाही, आणि व्याख्यानानंतर ‘टेलीमानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहिला तेव्हा तो सर्वांदेखत उतरवून घेण्याचे धैर्य कोणी केले नाही. संध्याकाळी तोच क्रमांक स्वच्छतागृहांच्या दारांच्या आतल्या बाजूला चिकटवला. योग दिनाचा कार्यक्रम २१ जूनला उत्तम झाला.

एक आठवण मात्र येथे नोंदवते. १० जून रोजी जेवणाच्या सुट्टीत मी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी दहा मिनिटे बोलले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने केलेल्या मागण्यांमध्ये रविवारची सुट्टी होती, तशीच दुपारी अर्धा तास विश्रांतीची मागणीही होती, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आमच्या कार्यालयात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाचीच होती आणि निम्मे कर्मचारी ती टेबलावर डबा उघडून, एका हाताने नोंदी करत घालवत. त्या दिवशी काही जण डबे घेऊन पडवीत बसले. पुढेही बसत राहिले. कर्मचारी कल्याण हा बाहेरून आलेला नवा विषय आहे असे मानणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यांनी हा आपलाच इतिहास आधी वाचावा असे मला मनापासून वाटते.

उणिवा सांगायच्या तर पहिली पैशाची. विद्यावेतन नव्हते, प्रवास आणि जेवणाचा आठ आठवड्यांचा खर्च माझा मलाच करावा लागला, आणि ज्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात कमावणे भाग आहे त्याला ही जागा परवडणार नाही. क्षेत्रीय दौऱ्यावर जाताना माझा अपघात विमा कोणाकडेही नव्हता, हे मला परत आल्यावर लक्षात आले; ते आधी लक्षात यायला हवे होते, माझ्या आणि कार्यालयाच्याही. दुसरी उणीव सातत्याची आहे. मी सुरू केलेल्या नोंदी पुढे कोण ठेवणार हे ठरले नाही. तपासणीत १४०/९० च्या वर गेलेल्यांनी औषध सुरू केले की नाही, हे तीन महिन्यांनी विचारणारे कोणी नाही. दर उन्हाळ्यात नवा विद्यार्थी येईल आणि दर उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून मोजणी होईल, याची मला काळजी वाटते. निघताना मी माझ्या अहवालाची एक प्रत महाविद्यालयात आणि एक मॅडमकडे अशासाठी ठेवली की पुढच्या विद्यार्थ्याने सकाळी सातच्या दौऱ्याची मागणी मे उजाडायच्या आधीच पुढे पाठवावी.

जमेच्या बाजूला मी टिपणी लेखन सर्वांत वर ठेवीन. समस्या मांडणे आम्हाला शिकवले जाते. कोणत्या अधिकाऱ्याला काय मान्य करण्याचा अधिकार आहे, खर्च कोणत्या शीर्षाखाली पडेल, आणि एका सहीने होईल इतकी लहान मागणी कशी करायची, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. शासकीय कर्मचाऱ्यांविषयी बाहेर जे सहज बोलले जाते तेही माझ्या मनातून गेले. सायंकाळी सव्वासहानंतर रांगेतल्या शेवटच्या आजोबांचा दाखला काढून देण्यासाठी थांबणाऱ्या लिपिकाची पाठ दुखते आहे का, हे त्याला पूर्वी कोणी विचारलेच नव्हते.

ज्यांना अशी जागा घ्यायची आहे त्यांनी फेब्रुवारीतच अर्ज करावा, कारण मान्यतेला महिना-दीड महिना लागतो. स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: मार्गदर्शक अधिकारी कोण, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसोबत जाण्याची परवानगी आहे का, अपघात विमा कोण काढणार, आणि तपासणीतली माहिती कोणाच्या ताब्यात राहणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर मी ती जागा घेऊ नये असेच सुचवीन. बाकी सोबत एक जाड वही, दोन लिटरची पाण्याची बाटली आणि डोके-कान झाकणारी सुती ओढणी किंवा दुपट्टा ठेवावा. झिरो माईलच्या मेट्रो स्थानकापासून चालत यायचे असेल तर सकाळी साडेनऊलाही तो लागतो.